प्रा. ओव्हाळ व सौ.

बाबा, आधी भांडून घेते. रडायचं काय ते नंतर बघू.

तुम्ही केवढे मोठे भूगोलाचे प्राध्यापक होतात, किती विद्यार्थी घडवलेत, हे सगळं पेपरात छापून आलंय. फोटोही बरा होता, तुम्हाला आवडला असता. त्यातलं एक अक्षर मला इथे लिहायचं नाहीये. मला फक्त एवढं सांगा, की आईची पत्रं तुम्ही कुणाला विचारून देऊन टाकलीत?

आता भोळा चेहरा करून कुठली पत्रं म्हणू नका. लग्नानंतर लगेच तुम्ही दोन वर्षं परदेशात शिकायला गेलात, तेव्हा आईने तुम्हाला लिहिलेली. तुम्हाला, बाबा. त्या संस्थेला नाही, अभ्यासकांना नाही, पुढच्या पिढ्यांना नाही. पाकिटावर नाव तुमचं होतं, ते वाचता येत होतं ना तुम्हाला?

हे आम्हाला कसं कळलं ते ऐका. तुमच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी कळलं. सोसायटीच्या हॉलमध्ये कार्यक्रम होता. वंदना झाली, भंतेजी दोन शब्द बोलले, तुमच्या विद्यार्थ्यांनी चार चार शब्द म्हणत चाळीस चाळीस बोलून घेतले. आई तुमच्या फोटोशेजारी खुर्चीवर बसली होती, पांढरी साडी, मांडीवर हात. लोक येत होते, वाकत होते, जात होते. तेवढ्यात एक मुलगी आली. पीएच.डी. करते म्हणाली. चांगली मुलगी, बोलायला गोड. आईसमोर खाली बसली, तिचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाली, "आजी, मी तुमची पत्रं वाचली. काय लिहिता तुम्ही! ते उशीचं वाक्य तर मी माझ्या प्रबंधात घेतलंय. 'उशीला आता तुमचा वास येत नाही, म्हणून आज अभ्रा धुवायला टाकला.' मी रडले, आजी."

हे तिने हॉलमध्ये सांगितलं, बाबा. मोठ्याने. शेजारी नंदाआत्या बसली होती, तुमची धाकटी बहीण, तिला ऐकू कमी येतं. ती म्हणाली, "काय गं? कुठली उशी?" मग त्या मुलीने ते वाक्य पुन्हा म्हटलं, अजून मोठ्याने. सोसायटीचे सेक्रेटरी जिलबी खायचे थांबले.

आईचा चेहरा मी आयुष्यात तसा पाहिला नव्हता. लाजली म्हणू, का कुणी भर रस्त्यात पदर ओढल्यासारखी झाली म्हणू. तिने हात सोडवून घेतले आणि एवढंच विचारलं, "कुठे वाचलीस, बाळ?"

"अर्काइव्हमध्ये. सरांनी दिलाय ना सगळा संग्रह. आपल्या दोघांचा."

दोघांचा!

त्या दिवशी नवरा गेल्याचं दुःख करायचा तिचा हक्क होता. तेवढा एक दिवसही तुम्ही तिला नीट मिळू दिला नाहीत. लोक जाईपर्यंत ती ताठ बसून राहिली. घरी आल्यावर साडी बदलली, पाणी प्यायली आणि म्हणाली, "विचारलं असतं तर दिली असती. मी काय अडवणार होते का?" त्यानंतर हे वाक्य तिने मला सांगितलं, आत्याला सांगितलं, समोरच्या फ्लॅटमधल्या बापटकाकूंना सांगितलं, मावशीला फोनवर सांगितलं. विचारलं असतं तर दिली असती. ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं.

कागद न्यायला टेम्पो आला तो दिवस मला नीट आठवतो, कारण मीही त्या दिवशी कर्वेनगरला आले होते. जुने कागद जपणाऱ्या त्या संस्थेकडून दोन माणसं आली होती. माळ्यावरून खोकी निघत होती. तुमच्या सर्वेक्षणाच्या वह्या, स्लाइडी, आईने ट्रेसिंग पेपरवर काढलेले नकाशे. तुम्ही खुर्चीत बसून सूचना देत होतात, "ते उलटं धरू नका, उत्तर वर पाहिजे." आणि आई कुठे होती? आत. पोहे करत होती. त्या दोघांसाठी. तुम्हीच सांगितलं होतंत, "अगं, पाहुण्यांना काहीतरी कर." ती आत कांदा चिरत होती आणि तिची दोन वर्षं दारातून खाली टेम्पोत चालली होती. नंतर तीच बाहेर येऊन त्या लोकांना म्हणाली, "लिंबू पिळा हो वरून." ते आठवलं की मला कुणाच्या तरी थोबाडीत मारावीशी वाटते. तुम्ही आता नाही, म्हणून राहून जाते.

मी तेव्हा रिकामा माळा बघून तुम्हाला विचारलंही होतं, "आईला विचारलंत ना?" तुम्ही हसलात. म्हणालात, "तिला काय विचारायचंय? आमच्यात तुझं माझं असं कधी होतं का? आमचं एकच आहे." मला वाटलं, वाह, काय संसार आहे! तुमचा आवाज तसा होताच, वर्गातल्या मागच्या बाकापर्यंत सगळ्यांना पटवणारा. आता कळतंय, "आमचं एकच" याचा अर्थ "सगळं माझंच".

आणि तरीही मला माहितीये, तुम्ही ते का दिलंत. ते माहीत नसतं तर भांडण सोपं झालं असतं. तुमच्या आजोबांनी लिहिलेलं काही नाही, कारण त्यांना लिहू दिलं नाही. तुमच्या वडिलांचा कागद म्हणजे शाळेचा एक दाखला, त्यावर जन्मतारीख मास्तरांनी मनाने टाकलेली. तुम्ही म्हणायचात, "आपल्या लोकांनी किती भोगलं, किती शिकले, किती हसले, हे कुठे लिहिलेलंच नाही गं. दुसऱ्यांच्या पत्रावळींच्या याद्यासुद्धा जपून ठेवल्यात, आपलं सगळं रद्दीत." म्हणून तुम्ही बसची तिकिटंही ठेवलीत. म्हणून संस्थेचं पत्र आलं तेव्हा तुमचे डोळे भरून आले होते. ज्या लोकांनी तुमच्या वडिलांना ओसरीवर चढू दिलं नसतं, ते तुमचे कागद पांढरे हातमोजे घालून उचलत होते. मला त्या दिवशी तुमचा अभिमान वाटला होता. अजून वाटतो. रागाबरोबर तोही आहे, त्याचं काय करू ते मला कळत नाही.

मला नकाशा तुम्ही शिकवलात. मी पाचवीत असेन. वारज्याला तेव्हा शेतं होती, तुम्ही मला बांधावर उभं करायचात, डोळे बांधायचात, दोन गिरक्या द्यायचात आणि विचारायचात, "उत्तर कुठे?" चुकलं की तुम्ही रागवायचा नाहीत. म्हणायचात, "परत. वारा कुठून येतोय बघ. ऊन कुठल्या गालावर आहे?" तेव्हा हिंजवडीला तुम्ही विद्यार्थ्यांना विहिरी मोजायला घेऊन जायचात, तिथल्या म्हाताऱ्यांना विचारायचात, "पाणी कधी आटतं?" आज मी त्याच हिंजवडीत एका काचेच्या इमारतीत बसते आणि विहिरीवर बहुतेक आमचं पार्किंग आहे. पण अजूनही लिफ्टमधून बाहेर आले की माझं डोकं आपोआप उत्तर शोधतं. हे तुम्ही दिलंत. तुम्ही प्रत्येक शेतकऱ्याला विचारायचात, बाबा. बांध ओलांडताना विचारायचात, विहिरीत डोकावताना विचारायचात, वहीत नाव लिहिताना विचारायचात, "लिहू का?" अख्ख्या मुळशी तालुक्याला विचारलंत. घरातल्या बाईला विचारायचं तेवढं राहिलं.

बरं, इथवर मी स्वतःला आवरलं होतं. मग जोगळेकरांचा फोन आला.

हे जोगळेकर संस्थेत तुमच्या संग्रहाचं काम बघतात. अतिशय सभ्य गृहस्थ. इतके सभ्य, की त्यांच्यावर ओरडताही येत नाही, आणि त्याचाच जास्त राग येतो. मी कंपनीच्या बसमध्ये होते. बस भूमकर चौकात नेहमीसारखी अडकलेली.

"नमस्कार मॅडम. प्रथम कै. सरांना श्रद्धांजली."

"कै. नाही. कालकथित. आमच्यात कैलासावर कुणी जात नाही."

"हो हो, क्षमस्व. दुरुस्ती करतो. मॅडम, एक छोटी तांत्रिक बाब होती. संग्रहाचं नाव 'प्रा. मा. को. ओव्हाळ व सौ. संग्रह' असं आहे. पण आता सर नाहीत, तेव्हा 'सौ.' ठेवणं… म्हणजे आपल्याच मनाला ते बरं वाटणार नाही. पाट्या छापायला जायच्यात. तर 'व सौ.' काढून टाकू का?"

मला आधी कळेचना. मग कळलं. नवरा जिवंत असेल तोवर बाई सौभाग्यवती. नवरा गेला, सौभाग्य गेलं, पाटीवरून बाईही गेली. तुमच्या जाण्याने आईचं काय काय गेलं याचा हिशोब मी मनात करत होते, त्यात ही पाटी धरायची राहिली होती.

"श्रीमती लिहा मग," मी म्हटलं.

"नुसतं 'व श्रीमती' विचित्र दिसतं हो."

"तर नाव लिहा ना! सुलोचना ओव्हाळ. तिला नाव आहे. आधीपासून आहे."

"नाव घालायचं तर दानपत्रात बदल करावा लागेल. आणि दानपत्रात बदल फक्त दाता करू शकतो. तसा नियम आहे."

"दाता गेलाय."

"तीच तर अडचण आहे, मॅडम."

बसमधली पोरं हेडफोन काढून माझ्याकडे बघायला लागली, एवढ्या मोठ्याने मी हसले. तर बाबा, अडचण अशी आहे. तुमची सही पाहिजे. येताय का?

मग मी त्यांना विचारलं की हे 'व सौ.' नाव ठेवलं कुणी? मला वाटलं, त्यांच्याच कुणा क्लार्कने ठेवलं असेल. ते म्हणाले, "सरांनी स्वतः लिहून दिलंय. त्यांच्या अक्षरात आहे."

आता माझ्या लग्नाची पत्रिका आठवा. छापखान्यात तो मालक म्हणत होता, "साहेब, चि. सौ. कां. तर सगळेच छापतात, मुलीकडच्यांनी तर छापायलाच पाहिजे." तुम्ही त्याच्या टेबलावर पंजा आपटलात. "माझी मुलगी कुणाचं सौभाग्य मिरवायला चालली नाहीये. आयु. छाप. आयुष्मती सुजाता. मुलाच्या नावामागेही आयु. दोघांना सारखं." त्याने आधीच छापलेले दोन-चार नमुने तुम्ही तिथेच टराटरा फाडलेत. मी शेजारी उभी होते, माझी छाती फुगली होती. गावात, नात्यात, कुणाच्या पत्रिकेवर सौ. दिसलं की तुम्ही फोन करून त्याला झापायचात. धम्म घेतला तरी शब्द जुनेच कशाला बाळगता, म्हणायचात. आणि हाच माणूस, बायकोच्या वेळी, शुद्धीत, स्वतःच्या हाताने लिहितो, 'व सौ.' त्यापुढे नावसुद्धा नाही! निदान नाव लिहून मागे सौ. लावलं असतंत, तरी मी म्हटलं असतं, म्हाताऱ्याचा हात चुकला. नुसतं 'व सौ.' लग्नाला येताना आहेराच्या पाकिटावर लिहितात तसं.

का केलंत तसं? त्या पांढऱ्या हातमोज्यांच्या लोकांना आवडावं म्हणून? त्यांच्यातलं एक होऊन दाखवायचं होतं का? का घाई होती? का खरंच, एवढं सगळं बोलून झाल्यावर, आतून तुम्हाला ती 'व सौ.'च वाटत होती? हे विचारायला मी कुणाकडे जाऊ? शेवटच्या दिवशी आपण दवाखान्यात पंख्यावरून भांडलो. तुम्ही म्हणालात, कमी कर, मी म्हटलं, उकडतंय. तुम्ही म्हणालात, मग तू बाहेर बस. मी बाहेर बसले. तेवढंच झालं आपलं.

संध्याकाळी घरी जाऊन मी आईसमोर अक्षरशः थयथयाट केला. म्हटलं, मी उद्याच जाऊन त्या जोगळेकरांना सांगते, नाव लिहा, नाहीतर अख्खा संग्रह परत द्या, मी वकील देते, मी पेपरात लिहिते. आई मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "त्यांना सांग, व सौ. राहू दे. काढू नका म्हणावं."

"आई! अगं तू ऐकतेस का मी काय सांगतेय?"

"ऐकतेय. राहू दे म्हटलं ना."

मला वाटलं, झालं, नवरा गेला आणि म्हातारी हळवी झाली. त्या दोन अक्षरांत तिला तुम्ही दिसत असाल. मला इतकं वाईट वाटलं आणि इतका संताप आला की मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने परत आत आले आणि विचारलं, "असं काय लिहिलंयस गं त्या पत्रांत?"

"नवऱ्याला लिहितात ते."

"म्हणजे?"

"घरमालकाने आपलं आडनाव कळल्यावर खोली का सोडायला लावली ते. सासूबाईंचं. माझी परीक्षा का राहिली ते. आणि रात्रीचं."

"रात्रीचं म्हणजे?"

"तू लग्न झालेली आहेस ना?" ती म्हणाली आणि मेथीच्या काड्या वेगळ्या करायला लागली.

जोगळेकरांना अजून एक हवं होतं. तुम्ही तिकडून आईला पाठवलेली पत्रं मिळाली तर संग्रह पूर्ण होईल, असं त्यांचं म्हणणं. मी आईला विचारलं. ती म्हणाली, "जाळली म्हणून सांग."

"खरंच जाळलीस?"

"सांग म्हटलं ना."

म्हणजे तुमची पत्रं ती कुठेतरी सांभाळून बसलीय, बाबा. तुमचं गुपित तिने कुणाच्या प्रबंधात जाऊ दिलं नाही.

दोन दिवसांनी ती स्वतःच म्हणाली, "मला तिकडे घेऊन चल." मी सुट्टी टाकली. रिक्षाने गेलो. संस्थेत खाली पिशव्या ठेवून घेतात. पेन चालत नाही, पेन्सिलच न्यायची. दारात एक रजिस्टर, नाव लिहा, पत्ता लिहा, येण्याचं प्रयोजन लिहा. आईने त्या प्रयोजनाच्या रकान्यात तिच्या त्या सुंदर, नकाशावरच्या गावांच्या नावांसारख्या नेटक्या अक्षरात लिहिलं, 'स्वतःची पत्रे पाहणे.' तिथल्या बाई ते वाचून उभ्याच राहिल्या.

जोगळेकरांनी खुर्ची ओढून दिली, पाणी मागवलं. मग आतून एक फिकट रंगाचं खोकं आणून टेबलावर ठेवलं. तुम्ही पत्रं किती नीट लावली होतीत, बाबा! एकही पाकीट फाटलेलं नाही, तारखेप्रमाणे, सगळी तशीच बांधलेली. तुमच्या हातांनी ती किती वेळा उघडली असतील हे घड्यांवरून कळत होतं. क्षणभर माझा राग कुठे गेला कळलंच नाही. एवढं प्रेम होतं, तर काय मूग गिळून बसला होतात?

आईने खोक्याला हात लावला नाही. ती खोक्यावरच्या हाताने लिहिलेल्या पाटीकडे बघत होती.

"हे 'व सौ.' अजून काढलं नाही ना तुम्ही?" तिने विचारलं.

"नाही आजी. आपण राहू द्या म्हणालात ना, म्हणून ठेवलंय."

"बरं केलंत. आता ते दानपत्र दाखवा."

त्यांनी दाखवलं. तुमच्या अक्षरात नाव, खाली तुमची सही, थरथरलेली.

"हा संग्रह कुणाचा?" आई म्हणाली.

"सरांचा. आणि… आपला."

"तुमच्या पाटीवर तसं आहे?"

"हो, आहे ना. प्रा. ओव्हाळ व सौ."

"मग सही एकच कशी?"

बाबा, मी तिच्याकडे बघतच राहिले. हळवी म्हणे! मी तिला नवऱ्याच्या दोन अक्षरांत अडकलेली म्हातारी समजत होते, आणि ही बाई त्या 'व सौ.'ला दोन्ही हातांनी धरून बसली होती, ते निसटू नये म्हणून. ती अक्षरं काढली असती तर संग्रह एकट्या तुमचा झाला असता आणि विषय संपला असता.

जोगळेकरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. सभ्य माणूस, खोटं बोलता येईना. म्हणाले, "बरोबर आहे आजी. आपली सही घ्यायला हवी होती. ही चूक आमची आहे. आपण आता एक पुरवणी पत्र करू या, आपण त्यावर सही करा, म्हणजे सगळं नियमात बसेल. आणि पाटीवर आपलं नावही घालता येईल, सुलोचना ओव्हाळ." त्यांनी लगेच कोरा कागद पुढे सरकवला. इथे चालत नाही ते पेनसुद्धा खिशातून काढलं.

मला जे पाहिजे होतं ते सगळं समोर आलं होतं. नाव, सही, पाटी. मी आईला कोपरखळी मारली, घे म्हणून.

आईने पेन घेतलं नाही. "तुम्ही सही मागताय, का विचारताय?"

"विचारतोय, आजी."

"मग नीट विचारा."

जोगळेकर उठून उभे राहिले. का उठले ते त्यांनाही सांगता आलं नसतं. म्हणाले, "ओव्हाळ बाई, आपण लिहिलेली ही पत्रं आमच्या संग्रहात ठेवायला आपली परवानगी आहे का?"

खोलीत पलीकडच्या टेबलावर कुणीतरी पानं उलटत होतं, तेही थांबलं. मला खात्री होती ती हो म्हणणार. महिनाभर सगळ्या गावाला तेच तर सांगत होती.

"नाही," आई म्हणाली.

जोगळेकरांना वाटलं ऐकण्यात चूक झाली. "आजी, ही फार मोलाची आहेत. त्या काळातल्या आपल्या समाजातल्या शिकलेल्या स्त्रीने लिहिलेलं इतकं कमी मिळतं—"

"माहितीये. नकाशे ठेवा. नकाशे माझ्या हातचे आहेत, त्यावर नाव घाला. हे खोकं द्या."

त्यांना वरिष्ठांना फोन करावा लागला. थोडं थांबावं लागलं, एक कागद लिहून द्यावा लागला, त्यावर मात्र तिने सही केली, पूर्ण नावाने. मग तिने पत्रांचा गठ्ठा खाली ठेवलेल्या भाजीच्या कापडी पिशवीत घातला आणि आम्ही बाहेर पडलो.

रिक्षात बसलो. पिशवी तिच्या मांडीवर होती, दोन्ही हात पिशवीवर. शेवटी माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, "आई, तूच म्हणत होतीस ना, विचारलं असतं तर दिली असती? जोगळेकरांनी तर उभं राहून विचारलं तुला."

आईला फार राग आला किंवा फार रडू आलं की तिचं माहेरचं बोलणं बाहेर येतं, तुम्हाला माहितीये. ती बाहेर बघत म्हणाली, "आगं, त्या लोकांनी न्हाई. तुज्या बापानं इचारलं असतं तर."

आणि मग ती रडली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. रिक्षावाल्याने आरशातून पाहिलं आणि गाडी हळू केली.

तिचा होकार तयार होता, बाबा. तो फक्त तुम्हाला देता येण्यासारखा होता, आणि तुम्ही तो मागितला नाहीत. आता तो तिच्याजवळ नुसता पडून राहणार.